खुशाली फोननं नेली, पत्र मोकळं झालं

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आईचा पत्रांचा डबा माळ्यावरून खाली आला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला गंज, आत सुतळीनं बांधलेले गठ्ठे. दोन दुपारी बसून आम्ही मायलेकींनी ती पत्रं वाचली आणि मोजली. एकशे बारा भरली. पोस्टकार्डं जास्त, आंतरदेशीय थोडी, पाकिटं अगदी मोजकी. वाचता वाचता लक्षात आलं की त्यांतली एकशे नऊ पत्रं म्हणजे जवळजवळ एकच पत्र आहे. 'चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व येथे खुशाल, तुमची खुशाली कळवावी.' मग पाऊस बरा आहे, अमकीला दिवस गेले, तमक्याचं ठरलं, येणाऱ्याबरोबर गुळाची ढेप पाठवली आहे, पोच द्यावी. लहानांस आशीर्वाद, मोठ्यांस नमस्कार. कळावे, लोभ असावा.

उरलेली तीन पत्रं आईच्या मैत्रिणीची. मिरजेत दोघी शाळेत एका बाकावर बसायच्या. मग लग्न होऊन एक कुरुंदवाडला गेली आणि आई सोलापूरला. यांतल्या पहिल्या दोन पत्रांत खुशाली एका ओळीत उरकली आहे. पहिलं पत्र निळ्या आंतरदेशीयावर, दुमडायच्या पट्टीवरसुद्धा लिहिलेलं, नृसिंहवाडीच्या दक्षिणद्वार सोहळ्याबद्दल आहे. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेला पूर येतो, पाणी घाटाची एकेक पायरी घेत वर चढतं, देवळात शिरून दत्ताच्या पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला माणसं लोटतात. हे सगळं तिनं लिहिलंच आहे, पण मी थांबले ते एका वाक्यापाशी: 'पाणी देवळात शिरताना कसलाही आवाज करीत नाही गं, आवाज माणसंच करतात.' आणि खाली, 'तू तिकडे सोलापूरच्या उन्हात, म्हणून तुला मुद्दाम पाण्याचं लिहिते.'

दुसरं पत्र दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'बद्दल. त्या पुस्तकात मराठी महिन्यांची एकेक अशी प्रकरणं आहेत. मैत्रिणीनं बजावलं होतं की एका बैठकीत संपवू नकोस, महिना लागला की त्या महिन्याचं वाच आणि मग बाहेर जाऊन बघ. आईनं ते तंतोतंत ऐकलं. पुस्तक वाचनालयाचं, मुदतीत परत करायचं, म्हणून वर्षभर दर महिन्याला ती तेच पुस्तक पुन्हा मागून आणत राहिली. आज आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. रस्त्यानं जाताना कुठल्या झाडाला आता पालवी फुटायला हवी आणि का फुटली नाही, हे ती अजून बोलत असते.

तिसरं पत्र अर्धंच आहे. त्यानंतर पत्रं थांबली. का थांबली, ते पुढे येईलच.

पत्र संपलं, आता ते दिवस येणार नाहीत, असा सूर आपल्याकडे सतत ऐकू येतो. माणसं एकमेकांना किती जिव्हाळ्यानं लिहायची आणि मोबाइलनं ते कसं मारलं, असं म्हणताना बोलणाऱ्याचा गळा खरोखर दाटून येतो, हेही मी पाहिलं आहे. पण डबा उघडून मोजल्यावर मला तसं म्हणता येत नाही. एकशे बारांतली एकशे नऊ पत्रं जे काम करत होती ते काम फोन जास्त चांगलं करतो. आजारी माणसाची बातमी पाच दिवसांनी कळण्यात काहीही सुंदर नव्हतं. दारात तारवाला दिसला की घरातल्या बायकांच्या पोटात गोळा यायचा. १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा हळहळ करणाऱ्यांनी तो गोळा आठवून पाहायला हवा होता. मुंबईतल्या चाकरमान्याला मनीऑर्डरच्या फॉर्मवर निरोपासाठी जेवढी बोटभर जागा मिळायची तेवढ्यात सहा महिन्यांचा संसार कोंबावा लागायचा. तो आता रोज रात्री मुलांचा चेहरा बघतो. हे चांगलंच झालं.

माझं म्हणणं वेगळं आहे. बातमी, खुशाली, निरोप, पोच ही सगळी ओझी पत्राच्या पाठीवरून फोननं उतरवून घेतली. मागे उरलं ते आईच्या मैत्रिणीच्या पहिल्या दोन पत्रांत होतं ते: मी काय पाहिलं आणि काय वाचलं, ते तुला का सांगावंसं वाटलं. मित्राला लिहायच्या पत्राचे दिवस सरले असं नाही, ते आत्ता कुठे सुरू होऊ शकतात. आणि ज्या वेळी ते सुरू होऊ शकतात नेमक्या त्याच वेळी आपण टपाल, शाळा आणि सवय अशा तिन्ही बाजूंनी त्याची वाट बुजवत आहोत.

जुन्या काळात असं पत्र फार थोड्यांच्या वाट्याला येत होतं, हेही मान्य करायला हवं. पोस्टकार्ड उघडं, ते पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांचं. सासरी आलेलं पत्र घरातला कर्ता पुरुष फोडायचा आणि माजघरात मोठ्यानं वाचून दाखवायचा. माझ्या आईची पत्रंही तशीच वाचली गेली. पुराच्या पाण्याचं ते पत्र आमच्या घरात वाचून झालं तेव्हा कुणीतरी म्हणालं, 'यात कळवण्यासारखं काय आहे?' तो प्रश्न आई अजून विसरलेली नाही. कळवण्यासारखं काही नसताना लिहिणं ही उधळपट्टी होती आणि बाईनं बाईला लिहिणं तर त्याहून. आई उत्तरं लिहीत गेली तरी ती इतकी जपून लिहिली गेली असणार की पलीकडच्या बाजूला उत्साह उरला नसावा. तिसरं पत्र अर्ध्यावर का संपलं, हे पत्रात लिहिलेलं नाही. पण मायना आणि सहीच्या मध्ये जेमतेम सहा ओळी आहेत आणि त्या सहाही खुशालीच्या आहेत.

लग्नाबरोबर आडनाव बदललं, पत्ता बदलला आणि मैत्रिणी गेल्या, असं आपल्या आयांच्या पिढीत घरोघर झालं. पुरुषांना पारावरचे, कचेरीतले, गावचे मित्र होते. बायकांना नातेवाईक होते. म्हणून पूर्वीच्या पत्रव्यवहाराचं गुणगान ऐकलं की मला विचारावंसं वाटतं: कुणाच्या?

अपवाद होते आणि ते फार मोठे होते. १८८० साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या. तिथं पडलेल्या मिशनरी मासिकात त्यांना गोपाळराव जोशी नावाच्या एका हिंदुस्थानी माणसाचं पत्र दिसलं. आपल्या बायकोला शिकवायची त्याची धडपड होती. कार्पेंटरबाईंनी घरी जाऊन त्या मुलीला पत्र लिहिलं. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई, वय वर्षं पंधरा. पुढची तीन वर्षं दोघी एकमेकींना बघितल्याशिवाय लिहीत राहिल्या. बोटीनं जाणारी पत्रं, उत्तराला महिने. आनंदीबाई आपल्याकडचे रीतिरिवाज समजावून सांगत, पलीकडून तिकडच्या आयुष्याचं चित्र येई. त्या कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागल्या. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना घ्यायला हीच मावशी आली होती. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या आणि वर्षभराच्या आत, पुण्यात, गेल्या. त्यांची रक्षा पुढे न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली. या सगळ्याच्या मुळाशी एका अनोळखी बाईनं उचललेली लेखणी आहे. आपण आनंदीबाईंची पदवी सांगतो, तो फोटो लावतो. पण पंधरा वर्षांच्या मुलीला आपला देश, आपलं घर, आपली माणसं दूरच्या कुणाला तरी समजतील अशी मांडावी लागली, त्या तीन वर्षांच्या लिहिण्यानं तिची तयारी किती झाली असेल, याचा विचार होत नाही.

जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, गर्दीपासून, सभासमारंभांपासून लांब. पण सुनीताबाई देशपांड्यांना आणि इतर स्नेह्यांना त्यांनी जी पत्रं लिहिली त्यांतून त्यांचं वाचन किती अफाट होतं ते कळतं. त्या निवडक पत्रांचे पुढे चार खंड निघाले. मराठीत पुस्तकांबद्दल जे उत्तम लिहिलं गेलं त्यातला काही भाग छापण्यासाठी लिहिलेलाच नव्हता. तो एका माणसासाठी लिहिला होता. एका माणसासाठी लिहिताना लेखकाला आपण हुशार आहोत हे सिद्ध करावं लागत नाही, पुस्तक आवडलं तर का आवडलं एवढंच शोधावं लागतं, आणि ते फार अवघड असतं.

चांगदेवाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. योगसामर्थ्यानं चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवाला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं आणि तो मायन्यापाशी अडला. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानानं मोठे. नमस्कार लिहावा, तर पोरसवदा. शेवटी त्यानं कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडलं. ही गोष्ट अध्यात्माची म्हणून सांगतात, आहेच, पण मला ती लिहिण्याची गोष्टही वाटते. समोर कोण आहे हे ठरल्याशिवाय पहिलं अक्षर उमटत नाही. मायना म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे. तू माझा कोण आणि मी तुझ्याशी कुठल्या आवाजात बोलणार, याचं ते उत्तर असतं.

आज आपण फिरून आल्यावर जे टाकतो त्याला मायना नसतो. फोटो टाकले, चार ओळी लिहिल्या, पाहणारे दोनशे. त्यात आत्या असते, साहेब असतो, शाळेतला वर्ग असतो, ज्यांना आपण ओळखत नाही असेही असतात. या सगळ्यांना एकाच वेळी चालेल असं वाक्य काय असणार? 'अप्रतिम ठिकाण, एकदा तरी नक्की जा.' पुस्तकाचंही तेच: पाचपैकी साडेचार तारे, 'मस्ट रीड'. तारे खोटे असतात असं मी म्हणत नाही, हॉटेल निवडताना मीही बघते. पण तारा कुणासाठी आहे हे ताऱ्याला माहीत नसतं. 'ऋतुचक्र' महिन्याला एक प्रकरण वाच, हा सल्ला कुठल्याही परीक्षणात आला नसता, कारण तो एका विशिष्ट बाईसाठी होता, जिला सगळं घाईनं संपवायची सवय होती. मैत्रिणीला ती सवय ठाऊक होती.

व्हॉट्सॲपवर हे जमणार नाही का, असं मला माझ्या भाच्यानं विचारलं. जमेल, माणसानं ठरवलं तर. पण तिथं दोन निळ्या खुणा उमटतात आणि पलीकडून लगेच अंगठा येतो. तो अंगठा आला की लिहिणाऱ्याचं पुढचं वाक्य मरतं. फोटो पाठवला की वर्णन करायची गरज संपते, आणि वर्णन करायची गरज संपली की नीट बघायचीही संपते. हे मी लोणारला स्वतः अनुभवलं.

मी दोनदा लोणारला गेले. पहिल्या खेपेला शंभराच्या वर फोटो काढले. काय पाहिलंस, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, उल्केनं पडलेलं विवर, दोन किलोमीटरच्या आतबाहेर रुंदी, खारं पाणी, काठावर देवळं. एवढं तर फलकावरही लिहिलेलं होतं. दुसऱ्या खेपेला जाताना ठरवून गेले की नागपूरच्या मित्राला पत्र लिहायचं. त्याचे गुडघे गेलेत, तो आता खाली उतरू शकत नाही, आणि त्याला पक्षी कळतात, मला कळत नाहीत. झालं, सगळं बदललं. त्याला सांगायचं म्हणून मी उतरताना वाट कुठे सोपी आणि कुठे घसरडी ते लक्षात ठेवलं. वर माथ्यावर ऊन भाजत होतं. खाली झाडीत शिरल्यावर कितव्या मिनिटाला गारवा लागला ते घड्याळात पाहिलं. पक्ष्याचं नाव येत नव्हतं, म्हणून शेपटीचा रंग, ओरडणं, जमिनीवर होता की फांदीवर, असं सगळं वहीत टिपलं. कमळजादेवीच्या देवळापाशी पाण्याचा वास येतो. तो कसला हे फोटोत कधीच आलं नव्हतं. पंधरा मिनिटं उभी राहून मी शब्द शोधत होते. शेवटी लिहिलं, 'पावसाळ्यात तांब्याची भांडी बरेच दिवस बंद ठेवली आणि मग उघडली तर येतो तसा, पण त्यात ओल्या मातीचाही.' विवराच्या वरच्या काठाला गोमुखाची धार आहे, गोड्या पाण्याची. खाली खारं तळं आणि वर अखंड गोडी धार. त्या धारेखाली एक म्हातारी नातवाला अंघोळ घालत होती आणि ते पोर गारठ्यानं किंचाळत होतं. तेही लिहिलं, कारण मित्राला चार नातवंडं आहेत.

चौदा दिवसांनी उत्तर आलं. त्यात पक्ष्याचं नाव होतं. शिवाय मी जे पाहिलंच नाही असं मला वाटत होतं, ते मी पाहिलं होतं, हेही होतं. माझ्या टिपणांवरून त्यानं आणखी दोन पक्षी ओळखले होते.

इतकं बघून मी पुढचं मागते आहे, आणि ते सरकारकडे आणि शाळेकडे मागते आहे.

१ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पाव आण्याचं पोस्टकार्ड सुरू झालं. गरिबातल्या गरिबाला कागद, पाकीट आणि तिकीट या तिन्हींशिवाय लिहिता आलं ते त्या दिवसापासून. आज त्याची किंमत पन्नास पैसे आहे. २०१६-१७ च्या खात्याच्या अहवालाप्रमाणे एका कार्डामागे खर्च सुमारे बारा रुपये होता. म्हणजे टपालखातं प्रत्येक कार्डावर तोटा खातं. हा आकडा दाखवून पोस्टकार्ड महाग करा किंवा बंद करा असं सांगणारे आहेत. मला हा हिशेब पटत नाही. आपल्या राज्यानं १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. वाचनालयात नफा कुठे होतो? माणसानं वाचावं यासाठी समाजानं पैसे घालावेत हे आपण मान्य केलं आहे. वाचलेलं दुसऱ्याला लिहून सांगावं हा त्याच कामाचा उरलेला अर्धा भाग आहे. त्याच्यासाठी कार्डामागे अकरा-साडेअकरा रुपये घातले तर ते वाया जात नाहीत.

दर वाढला की पत्रं कमी होतात, पत्रं कमी झाली की सेवा परवडत नाही, मग दर आणखी वाढतो. हा फास शेवटी कुठे जातो ते डेन्मार्कनं दाखवलं. तिथं २००० साली वर्षाला सुमारे १४० कोटी पत्रं वाटली जात, ती ११ कोटींवर आली. २०२५ च्या अखेरीस तिथल्या सरकारी टपाल कंपनीनं पत्रं वाटणंच थांबवलं, लाल पेट्या काढून घेतल्या. चारशे वर्षांची सेवा होती. आपला देश डेन्मार्क नाही, आपल्याकडे दीड लाखाच्या वर टपालघरं आहेत आणि स्पितीतल्या हिक्कीमसारख्या साडेचौदा हजार फुटांवरच्या गावातून आजही कार्ड टाकता येतं. पण फास तोच आहे.

पुस्तकांच्या बाबतीत तर तो आपल्या गळ्याला लागूनही गेला. १८ डिसेंबर २०२४ ला टपालखात्यानं बुकपोस्टची सवलतीची सेवा अचानक बंद केली. छोटे प्रकाशक आणि टपालानं पुस्तकं मागवणारे वाचक अडचणीत आले. कोल्हापुरातल्या माणसानं चंद्रपूरच्या मित्राला एक पातळ कवितासंग्रह पाठवायचा म्हटलं तर पुस्तकाच्या किमतीच्या जवळपास टपाल लागायची वेळ आली. ओरड झाली आणि १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं: तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर. हे बरं झालं, त्याबद्दल खात्याचे आभार मानायला हवेत. पण मित्राला पुस्तक पाठवणारा सामान्य वाचक या सेवेचा खरा मालक आहे, हे टपालघराच्या काउंटरवर कुठे लिहिलेलं दिसत नाही. माझ्या ओळखीच्या दहा वाचणाऱ्या माणसांना मी विचारलं, आठ जणांना ही सेवा आहे हेच ठाऊक नव्हतं. जुन्या बुकपोस्टाचं पाकीट उघडं ठेवावं लागे आणि आत पत्र घालायची मुभा नसे. म्हणून लोक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहून पाठवायचे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती पानं सापडतात तेव्हा मी पुस्तकाआधी तीच वाचते. पुस्तकाबरोबर एक हस्तलिखित पानही सवलतीच्या दरात जाऊ द्यावं, एवढी साधी गोष्ट खात्यानं करून पाहावी.

शाळांबद्दल मला जास्त वाईट वाटतं. मराठीच्या पेपरात पत्रलेखन आहे, वर्षानुवर्षं आहे. मुलं मागणीपत्र लिहितात, विनंतीपत्र लिहितात, मित्राला अभिनंदनपत्र लिहितात. तो मित्र कागदावरचा. त्याचं नाव प्रश्नपत्रिकेत छापलेलं असतं, त्याला कुठल्या स्पर्धेत कितवा नंबर मिळाला तेही छापलेलं असतं. पत्र तपासनीसाकडे जातं, मित्राकडे कधीच जात नाही. मायना, विषय, तारीख, सही यांचे गुण मिळतात. ज्याला लिहायचं तो माणूसच नसताना मायना शिकवणं म्हणजे मुलांना चांगदेवाच्या अडचणीपर्यंत नेऊन तिथंच सोडून देणं आहे. टपालखातं २०१७ पासून 'ढाई आखर' ही पत्रलेखनाची स्पर्धा घेतं, हजारो मुलं भाग घेतात, पहिल्या बक्षिसाला राष्ट्रीय पातळीवर पन्नास हजार रुपये मिळतात. हेतू चांगला आहे. पण विषय दिले गेले ते बापूंना पत्र, मातृभूमीला पत्र असे. बापू उत्तर देत नाहीत. मूल निबंध लिहितं आणि त्याला पत्र म्हणतं.

सहावीच्या एका वर्गाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या सहावीच्या वर्गाशी जोडून द्यावं. देवगडच्या मुलीनं बुलढाण्याच्या मुलीला आंब्याचा मोहोर कसा दिसतो आणि तो गळतो तेव्हा घरातली माणसं कशी गप्प होतात ते लिहावं. बुलढाण्याच्या मुलीनं लोणारचं लिहावं. वर्षाला चार पत्रं, चार कार्डं, एका मुलामागे दोन रुपये. वाचनालयातून घेतलेल्या एका पुस्तकाबद्दल एक पत्र असलंच पाहिजे. गुण द्यायचे तर उत्तर आलं याचे द्यावेत. पत्र चांगलं होतं की नाही हे सांगायला त्याच्याइतका पुरावा दुसरा नाही.

भिलारचंही मनात आहे. महाबळेश्वर-पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. घरांत, शाळेत, देवळात पुस्तकं ठेवली आहेत, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. लोक जातात, पुस्तकांच्या भिंतीसमोर फोटो काढतात, स्ट्रॉबेरी घेतात आणि परततात. तिथल्या प्रत्येक घरात पुस्तकांशेजारी पाच कोरी पोस्टकार्डं आणि एक पेन ठेवलं, आणि चौकात भिलारचा खास शिक्का मारणारी एक पेटी ठेवली, तर तिथं अर्धं वाचून सोडलेलं पुस्तक कुणाच्या तरी घरी कार्डावरून पोचेल. 'इथं पन्नास पानं वाचली, तुला आवडेल, पुढचं तू वाच आणि मला सांग.' हे करायला कायदा लागत नाही, फार पैसाही लागत नाही.

कागदच हवा असा माझा हट्ट नाही. अमेरिकेतल्या मैत्रिणीला मी ईमेलच करते, लांबलचक, आणि तीही तशीच लिहिते. एका माणसासाठी लिहिलं आणि बसून लिहिलं की ते पत्रच. कागदाची बाजू एवढीच की तो मागे राहतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रं होती. घरोघरच्या दप्तरांत, कोनाड्यांत कुणीतरी ती ठेवली होती म्हणून ती मिळाली. आपल्या काळात माणसं काय बघून हरखत होती, काय वाचून रात्रभर जागी राहत होती, हे दोनशे वर्षांनी कुणाला शोधायचं झालं तर त्याला कुठल्या कोनाड्यात हात घालावा लागेल? फोन दर तीन वर्षांनी बदलतो आणि जुन्यातलं सगळं नव्यात येतंच असं नाही. माझ्याच मागच्या फोनमधलं सात वर्षांचं बोलणं गेलं. आईचा गंजलेला डबा पन्नास वर्षं टिकला.

डबा आवरून झाल्यावर आईनं मला टपालघरातून दहा कार्डं आणायला सांगितली. पाच रुपये झाले. मैत्रीण अजून कुरुंदवाडलाच आहे एवढं येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळत होतं. फोन नंबर काढून देते म्हटलं तर आई नको म्हणाली. जुन्या पत्रावर नाव, गाव आणि जिल्हा एवढंच होतं, पिनकोड नव्हता. तो मी शोधून सहा चौकोनांत भरला. (देशाला हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ ला मिळाले, आणि ते आखणारे टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. आईला हे ऐकून फार बरं वाटलं.) आईनं दोन कार्डं खराब केली, तिसरं धरलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही, पण शेवटची ओळ तिनंच मोठ्यानं म्हणून पाहिली: 'वाडीला यंदा पाणी आलं होतं का?'

अठरा दिवसांनी उत्तर आलं. कार्ड नव्हतं, पाकीट होतं, चिकटवलेलं आणि वर सेलोटेप लावलेलं. आईनं चष्मा लावला, पहिली ओळ वाचली: 'यंदा दोनदा आलं.' पुढचं तिनं मला वाचून दाखवलं नाही.